पायी जायची शाळा

कोहका, भिलाई
बुधवार, जेवणं आटोपल्यावर

श्री. दयारामजी इवाईबुवा, मुक्काम तुमसर, यांना भिलाईहून तुमचा व्याही देवराव याचा हात जोडून रामराम.

इकडे सगळे मजेत आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? (हे नुसतं रीत म्हणून विचारून नाही राहिलो, गुडघ्यांचा विषय पुढे येणार आहे.) तुम्ही पाठवलेलं कैरीचं लोणचं अर्ध्यावर आलं आणि त्यातलं बहुतेक तुमच्या नातीनं, समूनंच संपवलं. हातात फोन असताना हा माणूस पत्र कावून लिहून राहिला, असं तुमाले वाटलं असेल. अजी, फोनवर बोललो तर आमची बायको रत्नमाला भाजी निवडता निवडता कान देते, आणि व्हाट्सॲपवर लिहिलं तर तुम्ही ते चुकून तुमच्या लेकीलेच पाठवून देता. मागच्या खेपेला पाठवलं होतं. त्यापेक्षा कागद बरा.

निखिल आणि मृणाल ऑगस्टात समूले घेऊन लक्झेंबर्गले चालले, हे तुमाले माहीतच आहे. माझा पोरगा जाते, तुमची पोरगी जाते, तिथवर हिशेब बरोबर आहे, आपण पोरांच्या नोकऱ्यांसमोर कधी आडवे आलो नाही. पण समूचं काय? ती रोज सकाळी माझ्या स्कूटरवर समोर उभी राहून शाळेत जाते, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गाईले नमस्ते करते. तिच्याशिवाय सकाळ कशी असते हे मी विसरूनच गेलो आहे. मले ते आठवायचंही नाही.

माझं तोंड पाहून निखिलनं मले एक काम दिलं. तिकडच्या तीन इंटरनॅशनल शाळा त्यानं काढल्या होत्या, त्या नेटवर पाहून ठेवा म्हणाला. स्वयंपाक करता करता माय रडणाऱ्या लेकराच्या हाती वाटी-चमचा देते ना, तसं ते काम होतं, हे मलेही समजलं. पण मी ते खरंच करून राहिलो, त्याले आता काय इलाज?

इवाईबुवा, शाळा निवडावी लागते हेच मले माहीत नव्हतं. तुम्ही जन्मभर हेडमास्तर, तुमाले हसू येईल. पण आमच्या भिलाईत प्लांटनं क्वार्टर दिलं, की त्या सेक्टरची शाळा आपोआप पदरात पडायची. पोरगं हुशार निघालं तर शाळा चांगली, आणि ढ निघालं तर बापाची शिफ्ट वाईट, एवढंच आमाले ठाऊक. इथं तर एका शाळेत घोडे आहेत. पोरांना बसाले! पोहायचा तलाव आहे, आणि दारातून उचलून दारात आणून सोडणारी बस आहे. निखिल त्या शाळेवर भाळला आहे. दुसऱ्या शाळेत अर्धा दिवस फ्रेंच आणि अर्धा दिवस जर्मन. समू घरात मराठी, अंगणात हिंदी आणि कामवाल्या मथुराबाईसोबत छत्तीसगढी बोलते, तिच्या एवढ्याशा तोंडात अजून किती कोंबायचं? तिसरी शाळा लहानशी आहे, टेकडीवर, आणि निखिलनं तिकडे घेतलेल्या घरापासून पायी जाण्यासारखी. तिले बस नाही. लहान लेकराले घरच्या मोठ्या माणसानंच आणलं-नेलं पाहिजे, असा नियम आहे. निखिल-मृणाल तर सकाळीच ऑफिसात. म्हणजे पहिल्या शाळेले बस पुरते, आणि तिसऱ्या शाळेले आजोबा लागते. आता सांगा, यात निवडाले कठीण काय आहे?

तो पायी जायचा रस्ता मी पाहून ठेवला. कॉम्प्युटरवर नकाशात बोट टेकवलं की तिथला खरा रस्ता समोर उभा राहते, आणि एकेक टिचकी मारत आपण चालू लागतो. मी रोज दुपारी जातो. पहिल्या दिवशी चपला घालूनच बसलो होतो, रत्नमालानं विचारलं, कुठं निघाले? घराच्या दारातून निघायचं, पाववाल्याचं दुकान डावीकडे ठेवायचं, मग उतार. काय तो उतार, बाप्पा! दोन्हीकडे झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, आणि खाली दरीत एक नदी. आपल्या शिवनाथपुढे ती नालीच म्हणा, पण मोठ्या ऐटीत वाहून राहिली. गंमत अशी, की फोटो वेगवेगळ्या साली काढलेले, म्हणून पुलाच्या अलीकडे ऊन असते आणि पलीकडे पाऊस पडून गेलेला असते. मी पुलावर थोडा वेळ थांबतो. एक पाय उन्हात, एक पाय ओल्यात. कोणी हाका मारत नाही, कुकर वाजत नाही. पुढे एका भिंतीवर मांजर बसली आहे, ती रोज तिथंच असते, तिले मी मंगळी म्हणतो. माणसंही आहेत, पण त्यांचे चेहरे पुसून टाकले आहेत, त्यामुळे कोणीही ओळखीचंच वाटते. निळ्या कोटातला तो मले आपला जुना शेजारी नागसेन वाटला, मी मान हलवून पुढे गेलो. मग चढ लागते, आणि चढ संपला की शाळा. लाल फाटक. तिथं माझी बोटं नकळत धरल्यासारखी मिटतात, जसं समूचं बोट हातात आहे.

(थांबा, हे मी भलतंच लिहून बसलो. रस्ता फार बेकार आहे. निसरडा. बस तिकडे सगळ्यांले फुकट आहे म्हणतात, पण फुकटाच्या बसमध्ये तुमच्यासारख्या प्रतिष्ठित माणसानं बसावं काय?)

या चालण्यापायी माझे हाल कमी नाही झाले. दोनदा दूध उतू गेलं. गॅसवाला घंटी वाजवून परत गेला, कारण मी पुलावर होतो. आणि परवा तर कहर झाला. तिकडच्या चित्रात गाड्या जागच्या जागी थांबलेल्या असतात, तेव्हा रस्ता कसाही ओलांडा. ती सवय लागली. कोहक्याच्या चौकात मी तसाच हात मागे बांधून, झाडं पाहत मधोमध निघालो. (झाडं नव्हती, होर्डिंग होते.) ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि म्हणाला, "काका, घर में बता के निकले हो क्या?" मी त्याले म्हटलं, रोजच सांगून निघतो. तो बिचारा हात जोडून निघून गेला.

मग शाळावाल्या बाईसोबत व्हिडिओवर बोलणं ठरलं. निखिल-मृणाल समोर, मी मागे पलंगावर. बाईनं विचारलं, लेकरासाठी तुमची अपेक्षा काय? निखिल म्हणाला, एक्स्पोजर. मृणाल म्हणाली, कॉन्फिडन्स. मले राहवलं नाही, मी मागून हिंदीत विचारलं, सुटी व्हायच्या आधी फाटकाबाहेर म्हाताऱ्या माणसाले बसाले काही आहे काय? निखिलनं आवाज बंद केला, पण मृणालनं पुन्हा चालू करून बाईले इंग्रजीत विचारलं. (पोरगी तुमची गुणाची आहे, हे मी तोंडावर सांगत नाही, पण आहे.) बाई हसून म्हणाली, कमरेएवढी भिंत आहे, आणि दुपारून ऊन तिथंच येते. इवाईबुवा, त्या रात्री मले लवकर झोप लागली.

बाकी सर्व ठीक. तब्येतीले जपा.

आपला,
देवराव

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. मृणाल तुमचं ऐकते. तिले हेडमास्तरच्या आवाजात सांगा, की घोड्यांनी कोणाचं शिक्षण होत नसते, पायी जायची शाळाच चांगली.

ता. क. दुसरी – तिकडे जास्तीची खोली एकाच माणसापुरती आहे, म्हणून सोबत मोठं माणूसही एकच नेता येते, असं निखिल म्हणून राहिला. तुम्ही उगीच मनात आणू नका. त्या चढावर तुमचे गुडघे जातील. मी तुमच्या भल्यासाठीच सांगून राहिलो.

ता. क. तिसरी (शनिवारी) – हे पत्र टाकाले गेलोच नाही, खिशातच होतं, तेवढ्यात तुमचं आलं. वाचून मी खालीच बसलो. तुम्ही पण? तोच पूल, तोच चढ, आणि "देवरावजी, तुमच्या बीपीले तो चढ झेपणार नाही"! मांजरीलेही तुम्ही नाव ठेवलं, आणि तेही शेवंता! म्हणजे आपण दोघं रोज दुपारी एकाच रस्त्यानं चालून राहिलो, आणि एकमेकांले दिसलो नाही. मले राग यायला पाहिजे होता. पण इनबाई, तुमच्या घरच्या, वारल्यापासून तुम्ही त्या घरात एकटे, आणि तुमाले सुटीतली समू तेवढी मिळते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी स्वार्थी माणूस आहे, बुवा.

ता. क. चौथी (रविवारी) – निकाल लागला. पायी जायची शाळाच ठरली. समूले सोडाले-आणाले रत्नमाला जाणार. मृणालनं सासूचा पासपोर्ट कधीच काढून घेतला होता, दोघींनी आमाले पत्ता लागू दिला नाही. कावून म्हणून विचारलं, तर रत्नमाला म्हणाली, तुम्ही पुलावर थांबाल आणि पोरगी शाळेबाहेर उभी राहील. यावर तुमच्याजवळ काही उत्तर असलं तर कळवा.

तेव्हा ऑगस्टात तुम्ही इकडेच राहाले या. खिचडी मले जमते. तिकडे समू शाळेत निघेल, तेव्हा आपली दुपार असते. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या लावतो, त्याच वेळी घरून निघू, सावकाश चालू, मांजरीचं नाव वाटेत ठरवू. समू त्या चित्रात दिसणार नाही, हे मलेही समजते. तरी या.