शांताताईसाठी ठेवलेलं तूप

९ डिसें. १९६१, दादर

फ्रेंचचा तोंडी तास. ‘थोडं, पुष्कळ, पुरे’ घोटून घेतलं. शिवाय तो छळवादी ‘आं’. वस्तूचं नाव एकदा घेतलं की पुन्हा घ्यायचं नाही, ‘आं’ म्हणायचं, म्हणजे ‘त्यातलं’. मिस म्हणाल्या, प्रत्येकीने आपल्या घराबद्दल बोला. पहिलीकडे पुष्कळ पुस्तकं, दुसरीकडे पुष्कळ नोकर. माझी पाळी आली. आमच्या घरात पुष्कळ काय आहे? पेंढा! म्हटलं, आमच्याकडे तूप आहे, त्यातलं पुष्कळ आहे. वाक्य अगदी बरोबर आलं. मिस खूश.

शहाणी मोठी! गाय एक, तीही वेळेला शेरभर दूध देणारी.

१३ डिसें.

मिसना खेडं बघायचंय. “नाताळच्या सुट्टीत तुझा गाव येऊ काय? ते तूप खाऊ.” पारशी मराठी. सगळ्या हसल्या, मीही हसले. नको कसं म्हणणार? घरी येऊन मामीला सांगितलं, तर म्हणते, अगं मान आहे तो आपला. मान कसला! तूप कुठून आणू?

२१ डिसें., घर

काल खर्डीला उतरले. आईने अंगण सारवलंय. तुपाचं विचारलं तर म्हणाली, बरणीत हाय तेवढं शांताच्या लाडवांचं. ताई पहिल्या बाळंतपणाला येणार मुरबाडहून, दोन-चार दिवसांत. दिवाळीपासून आई कोणाच्या पानात थेंब पडू देत नाही. बाबांच्यासुद्धा. वर म्हणाली, “तुझ्या बाईंना वाढीन हां भातावर चमचाभर. अशी कशी गो रिकाम्या भाताने जेवतील?”

सगळं सांगायला हवं होतं तेव्हाच. सांगितलं नाही.

२३ डिसें.

मिस आल्या नि गेल्या. लिहवत नाही.

वालाचं बिरडं, गरम भात, मधे खळगा करून तूप. आपल्याकडची रीत, वाढणारीने आग्रह करायचा नि जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा. मिसना कुठलं माहीत! आई म्हणाली, घ्या ना बाई अजून. मिसनी पान पुढे केलं. आईने वाढलं. रीत म्हणून पुन्हा विचारलं, पुन्हा पान पुढे. आईची बरणी तिरपी होत चालली. मी समोरच बसलेले. हात धरायचा फक्त, आईचा नाहीतर मिसचा.

मग मिस माझ्याकडे वळून फ्रेंचमध्ये म्हणाल्या, अजून आहे का त्यातलं? आई कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पोरगी परकी भाषा बोलणार! आणि मी बोलले. “वुई, इल् यां ना बोकू.” हो, पुष्कळ आहे.

“काय म्हणल्या गो?”

“तुझा स्वैपाक आवडला म्हणतात.”

आईने बरणी उपडी केली, बोटाने निपटून दिली.

निघताना मिस आईला म्हणाल्या, “मी सुमनला विचारला, अजून हाय काय. ती बोलली पुष्कळ हाय. म्हणून मी लाज न करता खाल्ला हां!” आईने हात जोडले. हसली. “परत या बाई,” म्हणाली.

मेले असते तर बरं.

२४ डिसें.

आई ओरडली असती, चार धपाटे घातले असते तर सुटले असते. भाकऱ्या थापताना एकदाच म्हणाली, “सुमे, तुला आमची लाज वाटते काय गो?”

नाही म्हटलं. जोरात म्हटलं. आईने भाकरी उलटली.

बरणी घासून फळीवर पालथी ठेवलीय. वाडीत तूप कोणाकडे मिळणार? विचारून आले चार घरं. नाय गो पोरी, नाय गो.

२६ डिसें.

ताई आली. पाय सुजलेत, चेहरा उतरलाय. बैलगाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, आई, लाडू केलेस? सासूने एक लाडू नाय दिला मला, म्हणते माहेरचे खा.

आई म्हणाली, “केलेत. पण तेलातले हायत गो. यंदा गाय लवकर आटली, तूप साठलंच नाय.”

मी दळत होते. जातं थांबवलं नाही. आई आयुष्यात खोटं बोललेली मी ऐकली नव्हती. माझ्यासाठी बोलली की स्वतःची अब्रू राखायला, कळत नाही. माझ्यासाठी असेल तर जास्तच वाईट.

२७ डिसें.

सकाळी ताई गोठ्याकडे गेली. बाबा धार काढत होते. ताई दारातच उभी राहिली, नि बाबांनी तिच्या हातात पेला दिला. फेसाळ दूध.

ती तशीच माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. दूध प्यायली नाही.

“सुमे, आई माझ्याशी खोटं का बोलली गो? मी परकी झाले काय?”

रडायला लागली. पाठीवर हात फिरवत बसले. आई आतून हाक मारत होती, शांताला चटई दे, जमीन गार हाय. चटई दिली नि आत आले. ताई अजून बसलीय बाहेर, माझ्याकडे बघतेय. पेन ठेवून तिच्याकडे जायला हवं, सगळं सांगायला.