सवतीचा श्वास

सोमवार

नातीबाई, माझ्या कवळीची डबी तुझ्या पर्समध्ये आहे. बघितलीस? नसशीलच. निघताना मला इथं ठेवून डबी घरी घेऊन गेलीस. उलटं केलं असतंस तर उद्यापासून डॉक्टर डबीलाच तपासत बसले असते.

रोजचं रोज सांगायचं ठरलंय, म्हणून सांगते. लिहून घेतेय ती शेजारच्या खाटेवरची मास्तरीणबाई. तिचं ऑपरेशन होऊन गेलंय, टाके सुकायची वाट बघतेय. माझं बोलणं सुधारून लिहायला बघते. मी म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही, पण बोलता येतं. पोट सुधारायला डॉक्टर आहेत, भाषा राहू दे तशीच.

खाट खिडकीशी मिळाली. चादरीला इस्त्रीचा वास आहे. डॉक्टर तुझ्या बापाहून लहान, पण समजावून सांगतो. लिव्हरमधली गाठ काढायची, तीही पोट न फाडता, चार बारीक भोकांतून. मी विचारलं, भोकातून दिसणार काय, कपाळ? तर म्हणाला, खास चष्मा आहे. माझ्या स्कॅनवरून केलेलं चित्र त्या चष्म्यातून थेट माझ्या पोटावर दिसतं, जणू कातडी काचेची झाली. हत्यार कुठवर गेलं, गाठ किती लांब, सगळं कळतं. मला तर लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय.

मंगळवार

आज मला चष्मा लावला. ते यंत्र सांभाळणारा एक जण आहे, त्याला मी चष्मेवाला म्हणते. मान वर करून बघते तर माझ्या पोटावर माझंच आतलं पोट! तांबूस लिव्हर, निळ्या शिरा, त्यात लिंबाएवढी पिवळी गाठ. इतकी वर्षं सांभाळलं ते हे होय!

श्वास घेतला की लिव्हर खालीवर होतं, म्हणून चित्रानंही माझ्याबरोबर हलायला हवं. त्यासाठी पोटावर एक पट्टा बांधलाय. पट्टा सांगतो, चित्र हलतं. त्याला स्वतःचा श्वास नाही, असं चष्मेवाला म्हणाला. मी हसले तर ती चित्रातलीही गदगदली. तिचं नाव मी सवत ठेवलंय. मास्तरीणबाई म्हणते, असलं लिहू नये. मी म्हटलं, लिही.

बुधवार

श्वासाची तालीम झाली. आधी ती फुगली, मग मी. चष्मेवाला म्हणाला, यंत्र जरा मागे पडतंय. मी म्हटलं, मागे कुठलं, ती तर माझ्या पुढे चाललीय. त्यानं पट्टा सोडला. आता चित्र गप्प पडायला हवं होतं.

पडलं नाही. खालीवर, खालीवर. संथ.

त्यानं घाईनं यंत्र बंद केलं आणि यंत्रात जुनं काहीतरी राहिलं असेल म्हणाला. हसला, पण कपाळ पुसलं. मला मात्र यंत्र बंद होताच छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. परत चालू करेपर्यंत.

गुरुवार

चहा पिताना श्वास थांबला. ठसका नाही, दुखणं नाही, नुसता थांबला. मास्तरीणबाई पाठ चोळत ओरडत होती, आजी, घ्या ना श्वास, घ्या! घेणार कुठून? मग आपोआप आला.

चष्मेवाल्याला विचारलं. म्हणाला, त्या वेळी डॉक्टर खालच्या मजल्यावर चित्र बघत होता. गाठ नीट दिसावी म्हणून त्यानं चित्र थांबवलं होतं.

शुक्रवार

डॉक्टरला सांगितलं. त्यानं माझा हात हातात घेतला, म्हणाला, भीती वाटणारच. भूल देणारी बाई म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी तुमच्यासाठी मशीन श्वास घेईल, काळजी सोडा. नको म्हणावं तर गाठ राहते.

चष्मेवाल्यानं मात्र ऐकलं. त्यानं डोळ्यांनी बघितलंय. आपण होऊन चित्र बंद करणार नाही म्हणाला, ऑपरेशन झाल्यावरही. मग मी विचारलं, नंतर त्याचं काय करता?

पुसतात. एकाचं आतलं दुसऱ्यानं बघू नये म्हणून. घरी जायचा कागद निघाला की आपोआप पुसलं जातं. ते त्याच्या हातात नाही.

रविवार

काल झालं. गाठ निघाली. डॉक्टर खूश. सगळे म्हणतात, आजी, जिंकलात.

मी श्वास घेत नाही. ती घेते, माझ्यात येतो. आता वाट बघावी लागते. बोलताना मध्येच — हं, आला.

मास्तरीणबाई म्हणते, झोपा. झोपेत कळणार कसं, तिनं घेतला की —

चष्मेवाला सुट्टीवर. दुसरं कुणी ऐकत नाही.

सोमवार

सिस्टर हसत आली. आज घरी, आजी! कागद खाली तयार होतोय.

म्हटलं, पोटात दुखतंय. खोटंच. एक दिवस ठेवा. खाली विचारून येते म्हणाली, गेली. लवकर पोच, लिफ्टनं जा म्हटलं, तर हसली — जिन्यानंच —

मास्तरीणबाई, रडू नकोस. लिही.

नातीबाई, न्यायला येऊ नकोस. कुठं सही करू नकोस. मी इथंच बरी. भांडत बसू नकोस, नुसता डबा पाठव. मऊ भात. दूध वेगळं, भातात कालवून नको. बटाटे उकडून, साल काढून, आणि पाणी जरा —