थ्रेशोल्ड शून्यावर

३ मार्च
मेटल डिटेक्टर घेतला. आजारपणात हिची बोटं वाळली. अंथरूण धरण्याआधी कपडे वाळत घालताना अंगठी मागच्या अंगणात गळून पडली. अहो, तेवढी शोधून द्या, दुसरं काही मागत नाही, म्हणाली. रविवारपर्यंत बोटात घालतो, असा शब्द दिला.

दुकानदाराने थ्रेशोल्डवर, म्हणजे हेडफोनमधल्या गुणगुणीच्या बटणावर, व्याख्यान झोडलं. कानात बारीक गुणगुण चालू ठेवा. खोलवरची वस्तू धड वाजत नाही, गुणगुण फक्त किंचित हलते. मी मान डोलावली. आयुष्यभर वर्कशॉप सांभाळलं, हा मला मशीन शिकवणार!

४ मार्च, सकाळी
गुणगुणीनं डोकं उठलं. थ्रेशोल्ड शून्यावर. आता कशी स्वच्छ शांतता! ज्याला काही सांगायचंय त्यानं ठणकावून सांगावं. सापडलं: खिळे, बाटलीचं झाकण. सुरुवात उत्तम.

८ मार्च, रविवार
मेहुणी हिचं करायला रोज येते. आज आल्या आल्या माझ्यावर डाफरली. ही म्हणे केव्हाची पाणी मागत होती. मी हेडफोन लावून अंगणात, मला कसं कळणार? हिचा आवाजच बारीक झालाय. मोठ्यानं हाक मारत जा, असं हिला बजावलं. हो म्हणाली असावी.
अंगठी पुढच्या रविवारी. नक्की.

१२ मार्च
सगळं अंगण दोनदा पालथं घातलं. मशीन गप्प. मशीन खोटं बोलत नाही. म्हणजे अंगठी अंगणात नाहीच. म्हणजे कुणीतरी उचलली. घरात येणारं-जाणारं माणूस एकच.
संध्याकाळी मेहुणीला विचारलं. अगदी सहज, गोड शब्दांत. तिनं पर्स माझ्यासमोर पलंगावर उपडी केली, चपला घातल्या नि गेली. हिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. निवळतील दोघी.

१६ मार्च
मेहुणी फोन उचलत नाही. अडलंय कुणाचं? हिचं सगळं मीच करतो. उशाशी ताटली-चमचा ठेवलाय, काही लागलं तर वाजव म्हणून. वाजवत नाही. म्हणजे त्रास कमी असणार. डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता, पण तो नेहमीच असतो. उद्यापासून अंगणाची तिसरी फेरी. खात्री करून घेतलेली बरी.

१९ मार्च
ही गेली. दुपारी. मी अंगणात होतो.
चमचा फरशीवर पडलेला होता. पडताना वाजला असणार.

२ एप्रिल
घरात बसवत नाही. कानाला काहीतरी हवं म्हणून हेडफोन लावले, थ्रेशोल्ड वाढवला. गुणगुण सोबतीला बरी वाटली. ती ऐकत अंगणात नुसता फिरत होतो. कपड्यांच्या दोरीच्या खांबाशी ती किंचित हलली. खणलं. वीतभर खाली अंगठी. खांब डुगडुगत होता म्हणून मशीन आणण्याआधी मीच तिथे घमेलंभर माती ओतून चोपली होती.
तरी मी म्हणत होतोच, मशीन चांगलं आहे.
मेहुणीला फोन करायला हवा. उद्या करतो.
अगं, सापडली, असं ओरडत आत गेलो. चांगलं मोठ्यानं. पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती.