क्लचचं माप

कापडे, ता. ९ फेब्रुवारी १९५७

…आणि तेवढ्यात घर मागे गेलं. मी पेडल दाबलेलं होतं. तळाला टेकेपर्यंत दाबलेलं होतं. तरी गाडी चालत होती. अंबू पोराला घेऊन दारात उभी होती. ती खिडकीजवळ आली, मग खिडकीबरोबर चालू लागली, मग पळू लागली. आपल्या मातोश्रींनी नातवाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते असं, खिडकीच्या एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने जाताना.

ती. भागोजीदादांस हैबतीचा साष्टांग नमस्कार. तो वर लिहायचा राहिला. आपली तब्येत, मुंबईची हवा, गिरणीतली पाळी हे सगळं ठीक आहे असं धरून चालतो. याहून जास्त विचारपूस करण्याच्या स्थितीत मी नाही. आपली गाडी मी आपल्याला न विचारता बिरवाडीच्या खोपीतून बाहेर काढली, हे आपण ओळखलंच असेल. आपली बहीण आज तिच्यामागे पळाली, यावरून कारणही ओळखाल. तरी लिहितो.

आमच्या लग्नात मातोश्रींच्या पुढे फाटकी पत्रावळ आली. आमटी लुगड्यावर गेली. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही असं त्या म्हणाल्या आणि पाच वर्षं चढल्या नाहीत. अंबूला त्या भेटतात ते महाडच्या बाजारात. (वालाचा भाव विचारावा तसं तिला, बरी हायस ना, विचारतात आणि पुढे जातात.) बाळंतपण माझ्या आईच्या हट्टामुळे इथंच झालं, तेव्हा तेही निमित्त गेलं. पोर आठ महिन्यांचं झालं, आजीनं पाहिलेलं नाही. अंबू रोज संध्याकाळी त्याला घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसते. शेवटी तोड मीच काढली. पायरी चढायची नसेल तर गाडीतून उतरूच नये. गाडी दारात उभी राहील, पोर खिडकीतून दाखवू, गाडी परत जाईल. मातोश्रींनी तीन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. पाणी मात्र बिरवाडीचंच बरोबर आणणार, एवढी एक अट.

आता क्लच. आपले पाय लांब, माझे आखूड. आपल्या गाडीचं पेडल पार वर आल्याशिवाय क्लच पकडत नाही आणि तिथवर येईपर्यंत माझा गुडघा स्टिअरिंगला लागतो. म्हणून महाडला मिस्त्रीकडे गेलो. (गाडी नेली नव्हती, नुसती तक्रार नेली होती.) त्यानं सांगितलं, गाडीच्या पोटाखाली पेडलची दांडी आहे, तिच्यावर दोन नट आहेत, ते फिरवून पेडलला ढील द्या, म्हणजे क्लच खाली पकडेल. ढील किती? त्यानं खराट्याची एक काडी मोडून हातात दिली. पेडल एवढं रिकामं जावं, त्यापुढे जोर लागावा. काडी मी खिशात ठेवली. खिशात अंबूनं दिलेली दुसरी काडी होती, पोराच्या पावलाची. (बांगडीला दोरा आणि जोड्याला काडी, ही आपल्याकडची मापं आपण जाणताच.) तिथून जोडेवाल्याकडे गेलो आणि काडी काढून दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "मास्तर, पोर लय बारीक हाय वाटतं." मी म्हटलं, आईवर गेलंय. त्यानं काडी ठेवून घेतली. म्हणजे उरली ती मिस्त्रीची. यात चूक कुठे आहे ते मला अजून दिसत नाही.

आज सकाळी आपला गडी कुशाबा गाडीखाली आडवा झाला आणि मी वर काडी धरून बसलो. तो नट फिरवी, मी पेडल दाबून मोजी. काडीइतकी ढील यायला अर्धा तास लागला. "मास्तर, एवढी ढील तर मी बैलाच्या कासऱ्यालाबी देत नाय," असं तो खालून म्हणाला. मी त्याला सांगितलं, माप ते माप. शाळेत मी सहा वर्षं हेच शिकवतो आहे.

पहिला गिअर टाकून गाडी सुरू केली, तर क्लच सोडण्याआधीच ती निघाली. मला वाटलं, उत्साह. दुसरा गिअर पडेना, नुसती करकर. म्हणून बिरवाडीपासून कापड्यापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये आलो. पोलादपूरपर्यंत एक एस. टी. मागे हॉर्न वाजवत होती. चार सायकलवाले पुढे गेले, त्यांतल्या एकाच्या मागे त्याची बायको बसली होती. मातोश्री मागच्या सीटवर ताठ, मांडीवर तांब्या. त्यांना हा वेग पसंत पडला. म्हणाल्या, "आमचा भागोजी लय उधळतो. तुमी बरं चालवता." दादा, पाच वर्षांत त्या मला प्रथमच बरं म्हणाल्या. तेव्हा घर चार फर्लांगांवर होतं.

गाडी चालवायला मला चांगूनं शिकवलं, कशेडीच्या घाटात ट्रक चालवणाऱ्यानं, आठ दिवसांत. थांबताना आधी क्लच, मग ब्रेक, असा त्याचा क्रम. मी क्लच दाबला. तो लागला असं काही वाटेना. पहिली पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही, ही माझी सवय. म्हणून ब्रेककडे गेलो नाही. (ब्रेक उत्तम आहे. तो दाबून मी संध्याकाळी पाहिला.) मागून शांत आवाज आला, "जावयबापू, घर मागं ऱ्हायलं." मी हो म्हटलं. खरं होतं ते. पुढे उतार, उताराखाली भैरूच्या पेंढ्याची गंजी. गाडी तिच्यात अर्धी शिरली आणि बंद पडली. कुठेच काही ऐकू येईना. काचेबाहेर सगळीकडे पेंढा. मातोश्रींनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "ह्ये तुमचं घर?"

त्या गंजीत उतरल्या नाहीत. दारापर्यंत गाडीतून नेण्याचं ठरलं होतं, तेव्हा दारापर्यंत गाडीतूनच. भैरूनं दोन जोड्या आणल्या, मागच्या बाजूला दोर बांधले, आणि आपली गाडी चार बैलांनी चढावरून उलटी ओढत आणली. गाव बरोबर चालत होतं. मातोश्री गावाकडे पाहत नव्हत्या, पण पदर नीट केला होता. दारात गाडी थांबली. अंबूनं पोर खिडकीतून आत दिलं. ते मातोश्रींनी घेतलं आणि परत दिलंच नाही. दिवेलागणीपर्यंत तांब्यातलं बिरवाडीचं पाणी संपलं. इथलं घेतलं नाही. भाकरी खिडकीशी नेली, ती परत आली. गाडी सुरू होत नाही. त्या उतरत नाहीत. आज त्या गाडीतच निजणार, पोरासकट, आणि अंबू बाहेर चाकाला टेकून बसली आहे. पाच वर्षं जे होत होतं ते आता दारातच होतं आहे. दादा, मी हे घडवलं. आपण मला काय लिहाल ते मान्य.

आपला आज्ञाधारक,
हैबती

ता. क. गाडीचा एक दिवा फुटला. वर लिहिण्याचा धीर झाला नाही.

ता. क. दुसरा, सकाळी. चांगू ट्रक थांबवून महाडहून जोडे देऊन गेला. जोडे एक इंच लांबीचे आहेत. शिवण सुबक आहे. ते हातात घेतल्यावर चूक कुठे झाली ते मला दिसलं. चांगूनं इंजिनातला पेंढा काढला, गाडीखाली डोकावला आणि म्हणाला, नट मागे फिरवले की झालं, पाव तासाचं काम. मी त्याला गप्प बसवून वाटेला लावलं. मातोश्रींना मी सांगितलं आहे की एक भाग मुंबईहून यायचा आहे. त्यांनी कुणाकडून पत्र लिहवून आपल्याला विचारलं, तर तो भाग होळीपर्यंत मिळत नाही असं कळवावं, एवढीच विनंती.

ता. क. तिसरा. ते जोडे मी मातोश्रींना खिडकीतून दाखवले. त्यांनी ते तळहातावर ठेवले, मग पोराच्या पावलाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. मग दार उघडून खाली उतरल्या, पायरी चढल्या, दारामागच्या खराट्याची काडी मोडली आणि पोराच्या पावलाला लावून माप घेतलं. काडी अंबूच्या हातात दिली, मला नाही. नंतर चहा मागितला.