डावी मूठ

मु. कापडे, ता. पोलादपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. रितेशला ताईकडून आशीर्वाद, आणि थोडा रागही.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे, आबांचा खोकला, माझं डोकं, सगळं आपापल्या जागी दुखतंय. भात पोटरीत आलंय. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून पोस्टाने लिहितेय. पाकीट निदान फोडून तरी बघशील.

गणपतीला आला नाहीस त्यावर मी काही लिहिणार नाही. तुझी झांज आईने कोणाच्या हातात दिली नाही, आरती झांजेशिवाय झाली. घे, लिहिलंच मी.

कामाचं सांगते. आबांनी करवतीच्या मशीनचं पातं काढून पेटीत ठेवलंय ते तुला माहीत आहे. लेथ चालतोय, साधी लाकडी पेनं निघतात. पण पेनाच्या ठोकळ्यात तिरकी खाच पाडून दुसऱ्या लाकडाची पट्टी बसवायची तर करवत लागते, आणि करवतीचं नाव काढलं की आबा उठून गोठ्यात जातात. गडाखाली हिरकणीवाडीला माल द्यायला गेले की स्टॉलवरची आवडीकाकू पाठ सोडत नाही. "अगो, ती शिसवातली पिवल्या पट्टीची पेना कधी देतेस? रोपवेची माणसा तीच मागतात." काय सांगू तिला? शिसवात फणसाची पट्टी बसवायची हे तुझ्या डोक्यातून आलेलं. मी आपली पॉलिश मारणारी.

शेवटी आबांशी कडाकडा भांडले. तेव्हा म्हणाले, "पात्याच्या वीतभर जवल हात न नेता खाच पाडून दाखव. नायतर मशीन भंगारात. या दसऱ्याला मी तिला हलदकुंकू लावनार नाय." म्हणून मी ठोकळा धरून ठेवणाऱ्या त्या साच्याच्या मागे लागले, ज्याला तू 'जिग' म्हणायचास आणि 'करू कधीतरी' म्हणून पुढे ढकलायचास. मी नमुना करायचा, आबांनी पातं चढवायचं, स्विचवर हात ठेवून उभं राहायचं, आणि जमलं नाही की पातं परत पेटीत. असा आमचा उन्हाळा आणि पावसाळा गेला.

पहिला साचा म्हणजे नुसता ठोकळा, त्यात खोबण आणि वरून एक स्क्रू. पेनाचा तुकडा तो केवढा, पातं लागताच गर्रकन फिरला आणि कौलावर जाऊन आदळला. तुझ्या हातात तो असाच फिरला असेल. आबाही त्याच विचारात असावेत, कारण स्विच बंद केल्यावर बराच वेळ ते कौलाकडे बघत राहिले.

मग खोबणीत पॉलिश पेपर चिकटवला, वरून दोन बोल्टने आवळलं, आणि सगळं एका सरकत्या फळीवर बसवलं. फळीखालची पट्टी शिवणीच्या लाकडाची. मे महिन्यात अशी सरकायची की काय सांगू. आषाढ लागला आणि पट्टी फुगली. अर्ध्या खाचेत साचा अडकला. आणि मी शहाणी, हाताने ढकलायला गेले. आबांनी वायरच उपटली. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला त्यांनी, मग तोच हात कपाळाला लावून खाली बसले. वैताग आला होता रे मला. साचा उचलून चुलीत घालणार होते, पण तो ओलाच होता, पेटलाही नसता.

शिमग्याला तू आईला भाजी कापायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड आणला होतास बघ. आई काही विळीवरून उठली नाही, बोर्ड फडताळामागे उभाच. तो कापून मी त्याच्या पट्ट्या केल्या. प्लास्टिक काही पावसाने फुगत नाही. आई चिडली. म्हटलं, तू त्याच्यावर एक मिरची तरी कापलीस का? तर म्हणते, "लेकान आनलेला हाय, त्यावर सुरी कशाला चालवू."

पण काम झालं. परवा खाच पडली, सरळ, स्वच्छ, माझे हात वीतभर लांब. आबांनी तुकडा उचलला, खाचेत नख फिरवलं. मला वाटलं, आता शाबासकी देतील. तर म्हणाले, "साचा झाला. पन पट्टी बसवनार कोन?" आणि गेले गोठ्यात.

कोण म्हणजे? मला ती नजर नाही, हे त्यांनाही माहीत आहे. खरं सांगायचं तर साचा मी माझ्यासाठी करतच नव्हते. तू परत यावंस म्हणून करत होते. आता लिहूनच टाकलं, हसायचं तर हस.

म्हणूनच डाव्या मुठीने माझा जीव खाल्ला. साच्याला दोन्ही बाजूंना मूठ आहे. दोन्ही हात तिथे गुंतलेले असले की पात्याकडे जातीलच कसे? उजवी एका दुपारी झाली. डावी माझ्या हाताला बसून काय उपयोग, ती तुझ्या हाताला बसायला हवी. शेडच्या भिंतीवर आपले दसऱ्याचे हळदीचे पंजे अजून आहेत. सगळ्यांनी एकेक उठवला होता, तू दोन्ही उठवलेस आणि आईची बोलणी खाल्लीस. त्यातल्या डाव्यावर कागद धरून मी माप घेतलं. तशी मूठ कोरली, बोटाबोटाला खाच, अंगठ्याला वेगळी बैठक. कानशीने घासघासून पॉलिश मारलं आणि आईला दाखवायला नेली.

आईने ती हातात फिरवली. एकेका खाचेत बोट घालून बघितलं. मग हळूच म्हणाली, "रेश्मा, यात बोटा जास्त झाली गो."

मी तिथेच बसून रडले. इतके दिवस त्या खाचा घासत होते आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या डोक्यात तुझा हात भिंतीवर आहे तसाच आहे. आताचा मला माहीतच नाही. दवाखान्यात त्याला पट्टी होती, तिथून तू थेट मामाकडे मुंबईला गेलास. शिमग्याला आलास तर हात सतत खिशात. पालखीला खांदा दिलास तोही एका हाताने धरून. कोणती बोटं गेली ते डॉक्टरांनी सांगितलं, पण उरली ती कुठपर्यंत आहेत, वाकतात का, थंडीत दुखतात का, हे घरात कोणालाच माहीत नाही. आई विचारायला भिते, आबा गोठ्यात जातात. मला तुम्हा सगळ्यांचा राग येतो, तुझा सगळ्यात जास्त. तो हात काय चोरीचा माल आहे का रे, आमच्यापासून लपवायला?

पाकिटात एक कोरा कागद आहे. त्यावर डावा हात ठेव, कडेने पेन्सिल फिरव आणि घडी घालून पाठव. खुशाली लिहू नकोस, येतो की नाही तेही लिहू नकोस. नुसता हात पाठव. जसा असेल तसा. बाकीचं मी कानशीने बघते, फक्त दसऱ्याच्या आत पाठव.

आबांना या पत्रातलं काही माहीत नाही असं लिहिणार होते. पण मघाशी कोरा कागद मी घडी करून ठेवत होते, तर त्यांनी तो काढून घेतला, म्हणाले, "ह्यो लहान पडंल," आणि कॅलेंडरचं मोठं पान फाडून दिलं. मागची बाजू कोरी आहे, तीच वापर.

साच्याची डावी बाजू रिकामी ठेवून बसलेली,
तुझी ताई
रेश्मा