नीलाला कळत होतं

नागपूर,
ता. २२ जानेवारी १९७८

आदरणीय प्रेमलताबाई यांना,
कौसल्याचा नमस्कार.

अमरावतीला सूनबाई, नातवंडं मजेत असतील. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे थंडी फार आहे, पण संत्री गोड निघाली. नीलाचा शिवणाचा वर्ग पुरा झाला. आता मोहल्ल्यातल्या बाया तिच्याकडेच पोलकी टाकतात. आमचं सर्व ठीक आहे.

आज तुमची फार आठवण झाली. नीलाला तुमच्या शाळेत आणलं तेव्हा ती एका जागी टिकत नव्हती. ऐकू येत नाही हे तर होतंच, पण नजरही कुठे ठरत नव्हती. खिडकी, पंखा, दुसऱ्या मुलीची रिबीन. आधीच्या शाळेने ‘हिचं लक्षच नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही स्वतःच्या हनुवटीला कुंकू लावलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलात. ती आधी कुंकवाकडे बघू लागली, मग ओठांकडे. बाकीच्या बाई हसल्या, तरी तुम्ही ते पुसलं नाही. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवायचात. ‘पाणी’ म्हणायला तिला वर्ष लागलं. पण म्हणाली.

तिच्या बाबांना हे पटत नव्हतं, तुम्हाला ठाऊकच आहे. एस.टी.त कंडक्टर, कळमेश्वरच्या गाडीवर. त्यांचा आवाज साऱ्या स्टँडवर ऐकू जायचा. नीला रस्त्यात बोलली की म्हणायचे, “हिले चूप राहू दे वं, लोक पाहून राहिले.” तुम्ही त्यांना बोलावून सांगितलंत, “रुपराव, घरी जसं बोलता तसंच तिच्याशी बोला. फक्त समोर बसून बोला.” जेवताना बसायचे कधीमधी. बोलायचे थोडं.

बाई, सर्व ठीक आहे असं वर सवयीने लिहून गेले. तसं नाही.

दिवाळीआधी मेडिकलच्या दवाखान्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. जीव वाचला, पण आवाज गेला. ओठ हलायचे, मला काही कळायचं नाही. पाटी दिली तर हात थरथरायचा. मग रागाने भिंतीकडे तोंड करायचे. नीला स्टूल घेऊन त्या बाजूला गेली, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “आई, पाठीखालची चादर टोचून राहिली त्यायले.”

त्यानंतर डॉक्टरही तिलाच विचारू लागले. एकदा बापलेक दोघं हसताना दिसले. विचारलं तर म्हणाली, “बाबा बाजूच्या खाटेवरच्या भैय्याजीच्या घोरण्याची नक्कल करते.” मी त्यांना असं एकत्र हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

पण दुखणं पुन्हा उलटलं. एका दुपारी ती दमून गप्प बसली होती. त्यांनी तिचा हात धरून काहीतरी म्हटलं. ती बोलायलाच लागली, शिवणाचं, मैत्रिणींचं, मोठ्याने. अख्खा वॉर्ड बघत होता. मीच म्हटलं, “हळू बोल वं पोरी.”

“बाबा म्हणते, बोलत राह बेटा, मले ऐकायचं हाय.”

त्याच आठवड्यात ते गेले.

बाई, तुमच्यामुळे माझा नवरा शेवटपर्यंत आपल्या माणसांशी बोलत होता. एवढंच सांगायचं होतं, तेच हातून लिहवत नव्हतं. नीलाला तुमच्याशी बोलायचं आहे. जमेल तेव्हा या. ती स्टँडवर घ्यायला येईल.

सही करताना हात ‘सौ.’कडे गेला. थांबले. आता नुसतंच लिहिते.

तुमच्या ऋणात राहिलेली,
नीलाची आई,
कौसल्या