डोळे मिटून घेतलेली हजेरी

गुरुजी,

तुमच्या सायकलचं मागचं मडगार्ड ढिलं होतं. वस्तीवर येताना ओढ्याच्या उतारावर ते खडखडू लागायचं, आणि तो आवाज कानी आला की घरात दडून बसलेलं पोरगं कणगीमागं सरकायचं. दोन दिवस शाळेत न आलेल्या पोराच्या दारात तिसऱ्या दिवशी ती सायकल उभी राहायचीच. तुम्ही कधी रागावून आला नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून पोराला नावानं हाक मारायचात, आणि पोरगं "हजर" म्हणेपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा हातात घ्यायचा नाहीत. कडेगावकडच्या माळावरची ती शाळा सुटली, आणि तुम्हाला देवाघरी जाऊनही चाळीस वर्षं होऊन गेली. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो, बायको गेली, मुलगी सांगलीला दिली, आणि आता इथे मलकापुरात दोन खोल्यांत एकटा राहतो. आज दुपारी भात कुकरमध्ये तसाच ठेवून तुम्हाला लिहायला बसलोय. का ते सांगतो, पण ओळीनं सांगू द्या. कविता म्हणताना घाई केली की तुम्ही टेबलावर बोटांची पेरं वाजवून थांबवायचात, तसं थांबवू नका.

माझ्या बाकावरचा सोबती तुम्हाला आठवेल. मेंढपाळाचा पोर, आवाज घोगरा, दप्तराला लोकरीचा वास. त्याला मेंढरांमागं जावं लागे, आणि तुमची सायकल दारात आली की त्याचा बाप दिवसभर बडबडायचा. म्हणून एकदा तो मला म्हणाला, "गड्या, माज्या नावाला ओ दे की रं. गुरुजी काय मान वर करत न्हाईत." खरंच तुम्ही हजेरी घेताना मान वर करत नव्हतात. मी त्याच्यासारखा घसा घोगरा करून चार दिवस "हजर" म्हटलं. चांगलं जमलं म्हणून मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. पाचव्या दिवशी त्याचा चुलता शाळेच्या पायरीशी आला. टाचेत बाभळीचा काटा मोडून पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि पोरगं तापानं बरळत होतं. तुम्ही त्याला सायकलच्या दांडीवर बसवून कडेगावच्या दवाखान्यात नेलंत. पाय वाचला, पण ती टाच पुढं कधी नीट टेकली नाही.

तुम्ही मला मारलं नाहीत. मारलं असतंत तर विसरलो असतो. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत आणि म्हणालात, "तू ओ दिलीस, म्हणून मी निघालो नाही." एवढंच. मग दर शनिवारी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गैरहजर पोरांच्या घरी न्यायला लागलात. शिक्षाच होती ती. पण वाटेत तुम्ही कविता म्हणायचात, चढ आला की ओळ मध्येच तोडून दम घ्यायचात, आणि उतारावर उरलेली सोडून द्यायचात, मडगार्डच्या तालावर. मला आजही पाठ असलेली प्रत्येक कविता त्या कॅरिअरवर पाठ झाली आहे. कुठं श्वास घ्यायचा ते मी पुस्तकात शिकलो नाही, चढावर शिकलो.

आमचा ज्येष्ठ नागरिकांचा संघ आहे. नगरपालिकेच्या बागेत पत्र्याची शेड, पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॅरम, रक्तदाब बघायचं यंत्र आणि दोन वर्तमानपत्रं, ज्यातलं शब्दकोड्याचं पान कुणीतरी रोज आधीच फाडून नेतो. सकाळी सात वाजता जमायचं. आधी हात-पाय हलवायचे, मग टाळ्या वाजवून मोठ्यानं हसायचं, मग डोळे मिटून दीर्घ श्वास. पहिल्यांदा हसताना लाज वाटली होती, नंतर ती सवय झाली. घरी कोण हसतंय? वाढदिवसाला पेढा, मधुमेहवाल्याला अर्धा. बायका पलीकडच्या कडेला बसतात आणि आमच्यापेक्षा जास्त हसतात.

संघ निघाला तेव्हा आमच्यातला एक जण घरात पडला होता आणि दोन दिवस कुणाला कळलं नव्हतं. वाचला, पण सगळे हादरले. तेव्हा मी उभा राहून तुमची गोष्ट सांगितली. माझे गुरुजी असं करायचे म्हणालो, आपणही रोज हजेरी घेऊ, दोन दिवस जो येणार नाही त्याच्या दारी तिसऱ्या दिवशी दोघांनी जायचं. सगळ्यांना पटलं. एकाच आडनावाची डझनभर माणसं, म्हणून नावाऐवजी नंबर ठरले. हजेरी घ्यायची श्वासाच्या शेवटी, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. ही अध्यक्षांची कल्पना. म्हणाले, डोळे मिटून एकमेकांचे आवाज ऐकले की बरं वाटतं. खरोखर बरं वाटायचं. एक, हजर. दोन, हजर. कुणाचा खाकरत, कुणाचा कवळीतून निसटत. सगळे आवाज येऊन गेले की आजचा दिवस निभावला असं वाटायचं.

हजेरी घेणारा एसटीतला निवृत्त कंडक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन बिघडलेलं. वहीत मोठ्या चौकटी आखून घेतल्या होत्या, त्यात बोटानं चाचपून खूण करायचा. सुरुवातीला टेबलावरची घंटी दोनदा वाजवायचा, डबल बेल, आणि म्हणायचा, "चला, गाडी सुटली. उतरणाऱ्यांनी आत्ताच उतरून घ्या." रोज तेच आणि रोज आम्ही हसायचो.

माझा सोबतीही याच संघात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून तो मलकापुरातच स्थायिक झाला होता. बायको नाही, मुलगा पुण्यात. त्याचा नंबर सतरा, माझा अठरा. पुन्हा एका बाकावर. मी कविता म्हणायला उठलो की मागून ओरडायचा, "आवरा लवकर कवीराज, आमची गोळी घ्यायची येळ झाली." टाचेवरून एकदाही टोमणा मारला नाही त्यानं. मीच एकदा विषय काढला तर म्हणाला, "सोड रं. त्या पायामुळं मेंढरं सुटली आन शाळा झाली. न्हाईतर कारखाना कवा दिसला असता मला?"

मागच्या महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "गड्या, गुडघा लय सुजलाय. दोन दिस येत न्हाई मी."

"मग सांगतो तसं सकाळी."

"सांगू नगंस! सांगितलंस की ही समदी वरात दारात येतीया. फोटू काढत्यात आन पोराला धाडत्यात. पोरगं आलं की मला उचलून पुण्याला न्हेणार. चौथा मजला हाय त्येचा. खाली बघितलं की गरगरतंय मला. तिथं मी मरंन रं."

"अरे, पण वहीत—"

"ओ दे की. सतराच्या जागी. तुला येतंय माजं सोंग." आणि हसला.

मी ओ दिली, गुरुजी. मंगळवारी दिली, बुधवारी दिली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि आवाज आला की रिकामी खुर्ची कुणी शोधत नाही. "सतरा," कंडक्टर म्हणाला, आणि मी घसा घोगरा करून "हजर" म्हटलं. मग "अठरा", आणि माझ्या आवाजात "हजर". मध्ये एका श्वासाचं अंतर. वय चौऱ्याहत्तर, आणि मला पुन्हा तोच आनंद झाला, की अजून जमतं.

गुरुवारी दूधवाल्याला त्याच्या दारात आधीच्या दोन पिशव्या तशाच दिसल्या. दार फोडलं. न्हाणीघरात पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळी पडला असावा, खुबा मोडला, आणि बुधवारी रात्रीपर्यंत जिवंत असावा. भिंतीवर, हात पोचेल तिथवर, तांब्या आपटल्याच्या खुणा होत्या.

खरं तर मी ओ दिली नसती तरी आमच्या नियमानं माणसं गुरुवारीच गेली असती. हा हिशेब मी खूप वेळा मांडून पाहिला. पण मंगळवारी सतराला उत्तर आलं नसतं, तर हजेरी संपल्यावर कुणीतरी म्हणालंच असतं की काय रं, आज लंगडा कुठाय, आणि जाता जाता कुणीतरी डोकावलं असतं. आमच्यात नियमाआधी तेवढं होतं. ते मी थांबवलं.

मुलगा आला. तेराव्यानंतर तो शेडमध्ये आला तेव्हा वही टेबलावर होती. त्यानं ती उघडली आणि सगळ्यांसमोर धरली. "माझा बाप न्हाणीत तडफडत होता आणि तुमच्या वहीत तो हजर आहे. दोन्ही दिवस हजर! कशाला ही नाटकं करता?" मग एकेक जण कंडक्टरकडं बघू लागला. अध्यक्ष म्हणाले, "आवं, तुमाला दिसत न्हाई तर सोडायची वही दुसऱ्याकडं. माणसाच्या जिवाचा परश्न हाय."

कंडक्टर उभा राहिला. "आवाज आला व्हता," म्हणाला. "दोन्ही दिस आला. तीस वर्सं अंधारात, गर्दीत, आवाजावर तिकिटं फाडल्यात मी. आवाज आल्याबिगार खूण न्हाई करत."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "डोळं गेलं, आता कान बी गेलं."

त्यानं मान वळवली. त्याला दिसत नाही हे मला माहीत आहे. तरीही त्याचा चेहरा माझ्या खुर्चीच्या बाजूला थांबला असं मला वाटलं. मी तोंड उघडलं, गुरुजी. खरंच उघडलं. घोटभर पाणी प्यायलो आणि मिटलं. त्यानं वही टेबलावर चाचपून सरळ ठेवली, घंटी उचलून तिच्यावर ठेवली आणि काठी टेकत गेला. त्या दिवसापासून तो आलेला नाही. हजेरी बंद झाली. आता मोबाइलवर ग्रुप आहे. सकाळी फुलाचं चित्र पाठवायचं, फूल आलं की माणूस ठीक. मी रोज गुलाब पाठवतो. काल पाठवला, आज पाठवला, आणि या दोन दिवसांत मी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, जेवलेलो नाही. कुणालाच कळलेलं नाही. गुलाब पोचला आहे.

परवा मी शेवटचा शेडमध्ये गेलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, वर्धापनदिनाची तुमची कविता आज एकदा म्हणून दाखवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि पहिली ओळच आठवेना. तुमच्या कॅरिअरवर शिकलेली कविता, साठ वर्षांत कधी अडली नव्हती. खाली बसलो आणि घरी आलो.

आता ते राहिलेलं सांगतो, ज्याच्यासाठी एवढी पानं भरली. बुधवारी संध्याकाळी मी त्याला फोन लावला होता. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्याचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर. चपला पायात घातल्याही होत्या. पण त्या दिवशी मी वर्धापनदिनाची कविता मोठ्यानं म्हणून बघत होतो, शेवटचं कडवं नुकतंच मनासारखं बसत होतं, आणि मध्ये उठलो तर लय तुटेल असं वाटलं. झोपला असेल म्हणालो, आणि चपला काढल्या. फोन उचलला नाही याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं, गुरुजी. हे त्याच्या मुलाला सांगायला हवं होतं, शेडमध्ये सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आता सायकल काढून कुणाकडं जाऊ शकत नाही.

दाराची बेल वाजली. दूधवाला नसणार, ही त्याची वेळ नाही, आणि मुलगी आली तर कडी वाजवते.

पुन्हा. दोनदा, लागोपाठ, मध्ये अंतर न ठेवता. डबल बेल.

खिडकीतून बघितलं. काळा चष्मा, पांढरी काठी, कपाळावर घाम. एकटाच आलाय. माझं घर त्यानं कधी पाहिलेलं नाही. विचारत विचारत आला असेल.

"अठरा नंबर," तो दाराशी तोंड नेऊन म्हणतोय. "आवं, दोन दिस झालं, सकाळी माज्या दारावरनं कविता गुणगुणत गेला न्हाईसा तुमी. म्हनलं बघून यावं. दोघांनी यायचा नेम हाय, पर माज्यासंगं यायला कोन न्हाई आता. हाईसा का?"

दोन दिवस कुणाशी बोललो नाही, आवाज फुटला तर घोगराच फुटेल.

"घाई न्हाई," तो म्हणतोय. काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. "मी हितं पायरीवर बसतो. तुमी ओ दिल्याबिगार जात न्हाई मी."

पेनचं टोपण सापडत नाहीये, गुरुजी. तसंच ठेवून उठतो.